बाळ झोपलं की

…आणि वर म्हणायचं काय, तर "नैसर्गिक आहे, अपाय काही नाही!" अहो, नसेल अपाय! दगड उशाशी ठेवल्यानेही अपाय होत नाही, पण म्हणून कोणी बाळंतिणीला दगड आणून देतं का? देतं! तुम्हाला सांगते, माझ्या नणंदेने आणून दिलेत. चांगले सहा, गुळगुळीत, कापडी पिशवीत घालून. कोमट करून पाठीवर ठेवायचे म्हणे. कधी? तर बाळ झोपलं की.

आता मुळात मला झालंय काय, ते ऐका. बाळ तीन महिन्यांचं. वजन छान, रंग छान, रडणं तर फारच छान, तिसऱ्या मजल्यावरून खालच्या न्हाव्याला ऐकू जातं. फक्त मी त्याच्याकडे बघते आणि मला काही वाटत नाही. थांब्यावर उभं राहावं आणि बस येऊच नये, तशी मी उभी आहे. मग रडू येतं. भांडी घासताना येतं, लंगोट वाळत घालताना येतं, परवा पाव कापताना आलं. आणि हे मी नवऱ्याला सांगितलं. तिथे चुकलं माझं.

नवरा इमारतींचे आराखडे काढतो. त्याने दोन दिवस मोबाईलमध्ये डोकं घातलं आणि फ्रिजवर तक्ता चिकटवला. पट्टीने रेघा मारून! सकाळचं ऊन, वीस मिनिटं. भरभर चालणं, अर्धा तास. दीर्घ श्वास, गरम पाण्यात पाय, तळव्यांना तेल, मूठभर अक्रोड सावकाश चावून… "मन प्रसन्न ठेवणे, पंधरा मिनिटे"… आणि भरपूर झोप. अकरा उपाय, आणि 'वेळ' या रकान्यात अकराही ठिकाणी सुबक अक्षरात एकच: बाळ झोपलं की. मी बेरीज केली हो! झोप सोडून चार तास दहा मिनिटं. आणि बाळ एका वेळी झोपतं किती? चाळीस मिनिटं. त्यातली दहा मी त्याचा श्वास चालू आहे ना, हे बघण्यात घालवते.

मग शेजारच्या शिवणवाल्या काकू आल्या कुंडी घेऊन. "खोलीत झाड असलं की मन कसं हिरवंगार होतं बघ! नैसर्गिक आहे, अपाय काही नाही." म्हणजे आता वेळेवर पाजायचे दोन जीव झाले. आणि सासूबाई? त्या काही आणत नाहीत. त्या नुसत्या दारात उभ्या राहून म्हणतात, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं हं." एवढं बोलून कपड्यांच्या घड्या घालायला जातात. घातलेल्या घड्या मोडून परत घालतात.

बरं, मला राग यायचाही हक्क नाही, कारण माझा धंदाच तो! मी वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर घेते. अकरा वर्षं! बाई तिकडून रडकुंडीला आलेली, घरभर पाणी, आणि मी इकडून मधाळ आवाजात, "मॅडम, प्लग काढून परत लावलात का?" पण आमचा एक नियम आहे. सल्ले तीनच द्यायचे. तिसऱ्यानेही मशीन फिरलं नाही, तर गप माणूस पाठवायचा. इथे अकरा सल्ले झाले, दगड झाले, झाड झालं, माणूस काही कोणी पाठवेना!

तर आम्ही बाळाच्या लसीला गेलो. सगळी फौज. तिथल्या नर्सबाईंनी माझ्या हातात कागद दिला. दहा प्रश्न, आईने भरायचे. नवऱ्याने खिशातून पेन्सिल काढलीच! "मी वाचतो, तू सांग. गेल्या सात दिवसांत मला हसू आलं…" नणंद म्हणाली, "येतं की! काल टीव्हीवर तो माणूस घसरला तेव्हा हसली." अहो, मी शिंकले होते! पण खूण झाली. "झोप?" "लागते, लागते." "विनाकारण रडू?" "तसं नाही, जरा हळवी आहे." नऊ प्रश्न त्या दोघांनी सोडवले. कागदावर माझ्याइतकी सुखी बाई अख्ख्या दवाखान्यात नव्हती.

तेवढ्यात सासूबाईंनी कागद ओढून घेतला. चष्मा लावला. वाचत राहिल्या… फार वेळ. मग नवऱ्याकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "हा झाला तेव्हा मी रोज मोरीचं दार लावून बसायचे. नळ सोडून. चार महिने. मला कोणी कागद दिला नाही." आणि नवऱ्याच्या हातातली पेन्सिल घेऊन, मागच्या रबराने नऊच्या नऊ खुणा खोडल्या. "खोटं आहे सगळं. तुम्ही दोघं बाहेर व्हा. हं, आता तू भर."

मी भरला. खरा. बेरीज करून नर्सबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. "ऊन घ्या, चाला, चांगलंच आहे. पण एवढ्याने भागायचं नाही. हा आजार आहे, तुमची चूक नाही. मंगळवारी डॉक्टरांकडे या." मी रडले. सासूबाईही रडल्या. पस्तीस वर्षांचं राहिलेलं.

घरी येऊन नवऱ्याने तक्त्यात बारावी ओळ वाढवली, पट्टीने. डॉक्टर, मंगळवार, बाळ झोपलं की. सासूबाईंनी 'झोपलं की' खोडलं आणि तिरप्या अक्षरात लिहिलं, 'बापाकडे'.

मंगळवारी जाऊन आले. लगेच बरी झाले, असं नाही. पण बोलले. परत येते, तर नवरा जिन्यात, शर्ट ओला, केस उभे, हातात किंचाळणारं बाळ. "अगं, दीड तासात एक मिनिट झोपला नाही! काय करू मी?"

मी मधाळ आवाजात म्हटलं, "उन्हात बस. दीर्घ श्वास घे. झाडाकडे बघ. नैसर्गिक आहे, अपाय काही नाही." आणि गप्प बसले. कारण तीन सल्ले झाले ना… नियमाने आता माणूस पाठवायला हवा. आणि माणूस कोण? मीच की हो! चपला काढल्या, हात धुतले, आणि गेले.