नवऱ्याच्या सहीची जागा

बायको: पहिली आले रे मी, क्रेनच्या चाचणीत बारा जणांत पहिली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, क्रेनवरून ओझं इतकं अलगद उतरवताना त्यांनी अजून कुणाला पाहिलं नाही.

नवरा: मला दुपारीच कळलं. तुमच्या साइटचा कारकून दुकानात आला होता.

बायको: तुझ्याकडे? कशाला?

नवरा: पँट आखूड करायला नाही, एवढं नक्की. म्हणाला, बाईमाणूस साठ मीटर वर चढणार, तेव्हा घरच्यांचं लेखी हवं. पाचच्या आत दिलं नाही तर दुसऱ्या नंबरवाल्याला बोलावणार. मी कात्री खाली ठेवली आणि सही ठोकली. नेऊन देणारच होतो, म्हटलं आधी तुला दाखवावं.

बायको: ‘माझ्या पत्नीस क्रेन चालवण्याची मी परवानगी देत आहे.’

नवरा: अक्षर बघ की. लग्नाच्या रजिस्टरातसुद्धा एवढं चांगलं काढलं नव्हतं.

बायको: तू दुकान टाकलंस तेव्हा माझी सही कुणी मागितली होती?

नवरा: त्याचं वेगळं गं. शिलाई मशीनवरून कोण पडतंय?

बायको: आणि गेल्या महिन्यात सुई कुणाच्या बोटात आरपार घुसली होती?

नवरा: अगं, पण मी हो म्हणतोय ना. नाही म्हटलं असतं तर भांडली असतीस, हो म्हटलं तरी भांडतेस. माणसानं करावं तरी काय?

बायको: तू हो म्हणालास, बरं वाटलं मला, खरंच. पण आज तुझ्या होकारावर वर चढले, तर उद्या तुझ्या नकारावर खाली उतरायचं का? नवरा चांगला मिळाला म्हणून नकोय मला हे काम. मला ते येतं, म्हणून हवंय.

नवरा: हे माझ्या डोक्यातच आलं नाही बघ.

बायको: कधी कुणाला विचारावंच लागलं नाही ना तुला.

नवरा: खरंय. मग फाडू?

बायको: नको. माझ्या कामाचा कागद आहे, मीच फाडते. फोन दे इकडे.

(ती खिडकीशी उभी राहून बराच वेळ फोनवर बोलते. तो घड्याळाकडे बघत बसतो.)

नवरा: काय म्हणाला कारकून? गेलं का काम?

बायको: आधी म्हणाला, नियम आहे. म्हटलं, नियम दाखवा, आणि बाकीच्या अकरा जणांच्या बायकांच्या सह्याही दाखवा. मग बराच वेळ आत कुणाशी तरी कुजबुजला. शेवटी म्हणाला, तुमचीच सही चालेल, उद्या सातला या.

नवरा: उद्या दुकान बंद. मी येतो तुझ्याबरोबर.

बायको: आता कशाला? सोडायला?

नवरा: नाही गं. खाली उभं राहून बघायला.