समितीच्या अध्यक्षाचं दार

...हसा, हसा तुम्ही. स्वतःच्या घराचं दार स्वतःच फोडलेला माणूस रोज कुठे बघायला मिळतो? आणि तोही बिल्डिंगच्या सुरक्षा समितीचा अध्यक्ष. म्हणजे मी. तुम्हाला सांगतो, मागच्या गल्लीत चोरी झाली आणि हे लचांड मी आपणहून गळ्यात अडकवून घेतलं. घरोघरी जाऊन सांगितलं... बाहेर जाताना रेडिओ चालू ठेवा, दाराशी एक चपलेचा जोड ठेवा, घर भरलेलं वाटलं पाहिजे. मोबाइल मिरवत हिंडू नका. तोंड झाकलेल्या माणसाला दार उघडू नका. आणि कोणी रडतभेकत आलं, अपघात झालाय, माणूस पडलंय, तर मुळीच नाही, चोरांची ती जुनी युक्ती आहे. घरटी एकेक शिटीसुद्धा वाटली. बायको म्हणाली, "अहो, जरा अतीच होतंय." म्हटलं, खबरदारी घेतलेली बरी.

तर परवाची दुपार. बायको माहेरी, घरात आई एकटी. मागच्या महिन्यात तिला बाथरूममध्ये चक्कर आली होती, तेव्हापासून माझं अर्धं लक्ष दुकानात आणि अर्धं घरात. चष्म्याचं दुकान आहे माझं. सहज फोन केला, उचलेना. परत केला, उचलेना. समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, "खालची ओळ वाचा," आणि त्याला वाचत ठेवून स्कूटर काढली की हो!

वर आलो तर दाराशी आईच्या चपला. आत रेडिओ जोरात. म्हणजे घरातच आहे, नाही का? बेल दाबली, दार बडवलं, हाका मारल्या... काही नाही. फोन लावला तर आतच वाजतोय, वाजतोय आणि बंद पडतोय. किल्ली म्हणाल तर कुलूप आदल्याच दिवशी नवं बसवलेलं, ओढलं की आपोआप लागणारं. एक किल्ली बायकोबरोबर गेलेली, एक आईजवळ, आणि माझी मी जपून ठेवलेली. कुठे? आत, कपाटात. खबरदारी घेतलेली बरी.

समोर सिस्टर राहतात, निवृत्त नर्स. त्यांचं दार ठोठावलं.

आतून बारीक आवाज, "कोण?"

"सिस्टर, मी समोरचा. दार उघडा. आई पडलीय आत."

दारातल्या भिंगामागे सावली हलली, आत कुजबुज. मग सिस्टर एकदम करड्या आवाजात, "पडलीय होय? बरं बरं. असं म्हणणारे येतात, आम्हाला समितीने सांगितलंय."

"अहो, समिती म्हणजे मीच!"

"हे पण सांगितलंय."

कधी सांगितलं मी? रडायला आलं हो मला. खरोखर रडलो. म्हटलं, सिस्टर, पाया पडतो, माझी आई मरेल. तर या बाईंनी काय करावं? शिटी फुंकली! नियम काय होता, शिटी ऐकली की सगळ्यांनी बाहेर यायचं. आणि तुम्हाला सांगतो, वरच्या मजल्यापासून खालपर्यंत एकामागून एक कड्या लागल्याचा आवाज आला... खट, खट, खट. माझ्या बिल्डिंगमध्ये मी एकटा.

मग जिन्यातलं आग विझवायचं लाल नळकांडं उचललं. तेही समितीनेच बसवलेलं. घातलं कुलपावर, घातलं, घातलं, दार बिजागरीसकट आडवं झालं. आत धावलो. बाथरूम रिकामं. खोली रिकामी. स्वयंपाकघरात रेडिओवर कोणीतरी झाडांना पाणी किती घालावं ते सांगतंय. मी तिथेच फरशीवर बसलो.

एवढ्यात दोन पोलीस, सिस्टरांनीच फोन करून बोलावलेले. एकाने दंडाला धरलं, म्हणाला, "आधी ते हेल्मेट काढ." हेल्मेट! स्कूटरवरून उतरल्यापासून डोक्यावर तसंच, काळी काच खाली ओढलेली. काढलं, तेव्हा समोरचं दार उघडलं आणि सिस्टरांच्या मागून कोण बाहेर आलं? आई. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधलेला.

ती सिस्टरांसमोर बसलेली असताना मी बाहेरून ओरडतोय, आई पडलीय. सिस्टर दुसरं काय समजणार? आणि आईने सगळं अगदी सांगितल्यासारखं केलेलं. रेडिओ चालू. चपला दाराशी. मोबाइल घरात.

म्हटलं, "अगं, माझा आवाज तरी ओळखायचास."

तर म्हणाली, "आवाज तुझ्यासारखाच वाटला रे. पण तू माझ्यासाठी इतका रडशील असं वाटलं नाही."

पोलिसांनी पंचनामा केला, बिल्डिंग किती सावध आहे म्हणून कौतुक केलं आणि गेले. सुतार पुढच्या आठवड्यात येतो म्हणालाय. तोवर दार नाही, नुसती चौकट. आई चौकटीसमोर खुर्ची टाकून बसते. मी दुकानातून आलो की समोरासमोर मला बघते, आणि तरी विचारते, "कोण?"

मी बाहेरच थांबतो, हेल्मेट काढतो, नाव सांगतो. ती म्हणते, "ये." मग आत जातो. काय करणार... खबरदारी घेतलेली बरी.