निळे बटण दाबल्याबाबत

दिनांक २९ ऑक्टोबर, बुधवार. जबाब लिहायला सुरुवात सकाळी १०.१० वाजता.

मी सौ. वंदना भुजंग बोराडे, वय ३१ वर्षे, शिक्षण सातवी, व्यवसाय शेतमजुरी व ऊसतोड, राहणार पिंपळगाव रेणुकाई शिवारातील वस्ती, ता. भोकरदन, जि. जालना, मोबाईल नंबर स्वतःचा नाही, घरात एकच फोन आहे व तो सध्या सासऱ्यांच्या खिशात आहे. कोणी न बोलावता, आपल्या पायांनी ठाण्यात येऊन सांगते की,

माझ्या घरात पती भुजंग, सासरे इंद्रभान, मुलगी प्रांजली आणि मी असे चौघे राहतो. प्रांजली दहावीत आहे. तिचे वय पंधरा वर्षे सात महिने. शाळेचे प्रगतीपत्रक मी सोबत आणले आहे, त्यावर जन्मतारीख आहे. तिचे लग्न आज दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी सूरज नावाच्या मुलाशी, त्याच्या मळ्यात लागणार आहे. मळा इथून पंचवीस किलोमीटर आहे. गाडी आधी पाठवा, बाकीचे नंतर लिहा असे मी दोनदा म्हणाले. जबाब लिहिणाऱ्या हवालदार ताई म्हणाल्या की ग्रामसेवकांना फोन लावला आहे, बालविवाह रोखायचे अधिकारी तेच असतात, ते येईपर्यंत पहिल्यापासून सांगा. म्हणून सांगते.

माझे लग्न कितव्या वर्षी झाले असे ताईंनी विचारले. माझ्या वयातून मुलीचे वय वजा करून बघा आणि पुढे लिहा, असे मी सांगितले.

आम्ही दरवर्षी दिवाळीनंतर उसाला जातो. यंदा टोळी अंकुशनगरकडे जाणार आहे. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सूरजच्या आईची कंबर गेल्याने त्याचा कोयता यंदा अर्धाच आहे, त्यामुळे त्यांना सून लगेच हवी आहे. आमच्याकडचे कारण वेगळे. आम्ही दोघे पाच महिने बाहेर, सासऱ्यांना रात्री दिसत नाही, मग वस्तीवर मोठ्या मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे. माझा नवरा वाईट नाही. त्याला भीती वाटते. दसऱ्याला सूरज बघायला आला तेव्हा मीही हो म्हणाले होते, पोहे मीच केले होते. हे लपवण्यात अर्थ नाही. प्रांजलीने पोहे नेऊन ठेवले आणि आत येऊन भूगोलाचे पुस्तक उघडले, तेव्हापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे पुढच्या आठवड्यात करायचे ठरले होते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी तीनच्या सुमारास मी फोन घेऊन तुरीच्या शेतात गेले. मला मराठी टाइप करता येत नाही, म्हणून माईकचे चिन्ह दाबून बोलले. फोनवर बोलताना आधी आपले नाव सांगायचे अशी आमच्या घरची रीत आहे, नाहीतर सासरे रागावतात. त्या सवयीने मी बोलले, "मी वंदना बोलून राह्यले, प्रांजलीची आई. माझी पोरगी पंधरा वर्षाची हाय, तिचं लग्न थांबवायचं कसं?" समोर माणूस नाही हे मला कळत होते. तरी नाव तोंडातून गेलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडले तर शोधायच्या चौकटीला बोट लागताच तेच वाक्य नावासकट खाली आले. सासरे रोज सकाळी याच चौकटीत कापसाचा भाव बघतात. त्या सकाळी ते अंघोळीला गेले होते म्हणून मी बचावले. दिवसभर फोन मी कमरेला खोचून ठेवला आणि बॅटरी उतरली असे खोटे सांगितले.

रविवारी बाजार बंद, भाव निघत नाही, म्हणून सासऱ्यांनी फोन मागितला नाही. अंगणवाडीच्या साधनाताईंना मी त्याच दिवशी विचारले. त्या म्हणाल्या, ज्यात आपण शोधतो त्याला ब्राउझर म्हणतात, तो दुसराही घेता येतो. दुसरा घे, त्यात काळी खिडकी असते, तिच्यात शोधलेले मागे राहत नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी नवीन ब्राउझर फोनमध्ये घेतला. नाव इंग्रजीत असल्याने सांगता येत नाही. जुना निघेना, म्हणून त्याचे चिन्ह समोरून हलवले आणि त्या जागी नवीन ठेवले. दोन्ही चिन्हे गोल आहेत, कोणाला कळणार नाही असे वाटले.

नवीन ब्राउझर उघडल्यावर त्याने इंग्रजीत काहीतरी विचारले. खाली दोन बटणे होती, एक पांढरे व एक निळे. पीक विम्याला, आधारला, सगळीकडे निळे दाबले की काम पुढे जाते, म्हणून मी निळे दाबले. ते काय विचारत होते हे मला नंतर कळले. जुन्यातले सगळे इकडे आणू का, असे ते विचारत होते.

मग मी काळी खिडकी उघडली आणि या वेळी नाव न सांगता बोलले. त्यात मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर मिळाला. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी वसतिगृह असते, आईबाप उसाला गेले तरी मुलगी तिथे राहून शाळा शिकू शकते, हेही मिळाले. मला फार मोकळे वाटले. घरी फोन करता येत नाही, आवाज जातो. शुक्रवारी बाजाराला जाईन तेव्हा तिथून करू असे मी ठरवले. रविवारीच केला असता तर आज इथे बसले नसते. याचा मला पस्तावा आहे.

सोमवारी सकाळी सात वाजता सासरे ओट्यावर फोन घेऊन बसले. मी चुलीपाशी होते. सासरे एकेक अक्षर जोडून मोठ्याने वाचतात. चौकटीला बोट लागताच जुन्यातून इकडे आलेले माझे वाक्य खाली आले आणि त्यांनी ते तसेच वाचले, नावापासून शेवटपर्यंत. पती दात घासत होते, ते थांबले. सासऱ्यांनी आवाज चढवला नाही. "वंदना, हे तूच बोलली ना?" एवढेच विचारले. माझे नाव त्यात असल्याने मला नाही म्हणता आले नाही.

पती म्हणाले, "टोळी गेल्यावर पोरीला कोणाच्या भरवशावर ठिवायचं, ते तरी सांग." मला उत्तर माहीत होते. वसतिगृहाचे सांगितले असते तर आणखी काय काय शोधलेस असे विचारतील या भीतीने मी गप्प बसले. कदाचित त्यांनी ऐकले असते. हे मला दोन रात्री टोचत आहे.

दुपारपर्यंत त्यांनी काढीव मुहूर्त आणला, आजचा. म्हणजे मी लग्न थांबवायला गेले आणि ते एक आठवडा अलीकडे आणले. फोन तेव्हापासून माझ्या हाताला लागलेला नाही.

प्रांजलीला मी यातले काहीच सांगितले नव्हते. उगाच आशा लावायची आणि जमले नाही तर, असा विचार केला. सोमवारी संध्याकाळी भांडी घासताना ती म्हणाली, "आई, ते पुसायचंच होतं तर मला का न्हाई सांगितलं? अर्ध्या मिनिटाचं काम होतं." ती रडली नाही. मी राख घ्यायला म्हणून उठले आणि गोठ्यात जाऊन रडले.

आज सकाळी सात वाजता पती तिला मोटारसायकलवर घेऊन गेले. तिने शाळेचा स्वेटर घातला होता. आठ वाजता सासरे पाहुण्यांबरोबर जीपने गेले. हळदीचे सामान घेऊन मागच्या जीपने येते असे सांगून मी थांबले आणि इकडे येणाऱ्या जीपमध्ये बसले. सामान ठाण्याच्या ओट्यावर ठेवले आहे.

कोणाविरुद्ध तक्रार आहे, असे ताईंनी विचारले. लग्न थांबवा एवढेच माझे म्हणणे आहे. नावे लिहावीच लागत असतील तर पतीचे लिहा, सासऱ्यांचे लिहा, आणि दसऱ्याला हो म्हणणारी म्हणून माझेही लिहा. आज मी घरी कशी जाणार असेही विचारले. ते मला माहीत नाही.

आता अकरा वाजून पाच मिनिटे झाली आहेत. ग्रामसेवक आले आहेत. ताई म्हणतात की जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही घेता येत नाही. चार पाने वाचायला वेळ जाईल. मी सही आधीच केली आहे, ती माझीच आहे. वाचायचे ते गाडीत वाचून दाखवावे. काही चुकले असेल तर परत येताना, प्रांजली शेजारी बसलेली असताना, दुरुस्त करीन.