दुसऱ्या पेटीतले बारा

...आणि काम तरी काय हो, तर पाणी पाजायचं! नुसतं पाणी! बारा उंदरांना मुळी उगाळून द्यायची आणि बारांना विहिरीचं पाणी, यात चुकण्यासारखं आहे काय? पण तुम्हाला सांगतो, दोन वर्षं माझी एम.एस्सी. त्या पाण्यात बुडून बसलीय.

आता तुम्ही म्हणाल, एम.एस्सी. मुंबईची आणि उंदीर वांगणीच्या पाड्यावर कशाला? त्याला कारण मीच. मी जव्हारचा, वडील संस्थानच्या कचेरीत कारकून. संस्थान विलीन झालं, पाटी बदलली, वडिलांची मोडकी खुर्ची तेवढी तीच राहिली... ते असो. तर जव्हारजवळच्या या वांगणीला फिट येणाऱ्याला एक मुळी देतात, ही माहिती मला, आणि ही अक्कल मी मुंबईच्या माझ्या सरांपुढे पाजळली. पण मुळी मुंबईला पोचेस्तोवर सुकते आणि सुकली की गुण शून्य. सर म्हणाले, "मुळी येत नाही ना? मग उंदीर तिकडे न्या." त्यांना काय जातंय! मी चोवीस पांढरे उंदीर घेऊन एस.टी.त. कंडक्टर विचारतो, "पेटीत काय?" म्हटलं, "संशोधन." म्हणाला, "मग टपावर टाका, वास मारतंय."

हे उंदीर साधे नव्हेत बरं का. कानाशी घंटा बडवली की त्यांना फिट येते, पाय झाडत आडवे होतात आणि मिनिटभरात उठून मिशा पुसतात. मुळीनं ती फिट थांबते का, एवढंच बघायचं. पहिल्या पेटीला मुळी, दुसरीला पाणी. आठवडाभर मी जव्हारला शाळेत शिकवणार, रविवारी पायपीट करून घंटा बडवायला जाणार, आणि रोजचं पाजणं पाड्यावरच्या सोमीआजीकडे, कारण मुळीची जाणकार तीच. थीसिस दिला की कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा! तीनदा बजावलं, "आजी, निम्म्यांना पाणीच. शास्त्र आहे ते." आजी म्हणाली, "बरं."

रविवारी घंटा वाजवली. पहिली पेटी शांत. माझं काळीज सुपाएवढं! दुसरी पेटी... शांत. पुन्हा बडवली. पाड्यावरची कुत्री भुंकली, शेजारच्या फागीचं तान्हं उठून रडायला लागलं, उंदीर आपले नाचणी खातायत.

"आजी, यांना काय पाजलंस?"

"मुळी."

"अगं, निम्म्यांना पाणीच! शास्त्र आहे ते!"

तर मलाच विचारते, "शिकारीत ससा एकच गावला तरी आम्ही पाड्यात वाटं पाडतो. घरी बसलेल्या म्हातारीला वाटा, कुत्र्याला वाटा. नि एका घरात बारांना औषध, बारांना नाय? यांनी तुझं काय वाईट केलं रं?"

मी सरांना लिहिलं. सरांची एकच ओळ, "म्हातारीला नीट समजावून सांगा."

दुसऱ्या वर्षी नवे चोवीस. समजावलं हो! ओट्यावर बसून, आवाज चढवून. "आजी, गेल्या वर्षी दुसऱ्या पेटीला मुळी दिलीस, माझं वर्ष गेलं. दुसऱ्या पेटीला मुळी नाही म्हणजे नाही!" रविवारी घंटा वाजवली, दुसरी पेटी धडाधड आडवी. मी नाचायचाच बाकी! मग पहिलीपाशी वाजवली... तीही आडवी.

"आजी!!"

"वरडतोस कशाला? यांना नाय द्यायची म्हणलास. मग त्यांना तरी कशी देऊ? समद्यांना पाणी पाजलं." आणि वर, "सारखंच पाजलं हां. कमी-जास्त नाय."

म्हटलं, सर, गेल्या वर्षी सगळ्यांना मुळी, यंदा सगळ्यांना पाणी, घ्या ना जुळवून! सर म्हणाले, "साल वेगळं, उंदीर वेगळे, चालणार नाही. एकाच वेळी निम्म्यांना पाणीच. शास्त्र आहे ते. आणि जागा फक्त जूनपर्यंत थांबेल."

मग यंदा शाळेतून रजा काढली आणि पाड्यावरच मुक्काम ठोकला. म्हटलं, "आजी, तू फक्त उगाळ, बारांपुरतीच. पाजणार मी." पहिला रविवार, काय सांगू! पहिली पेटी शांत, दुसरी आडवी. असे चार रविवार, की थीसिस! आजी घंटा वाजली की दुसऱ्या पेटीजवळ जाऊन बसायची, एवढंच.

दुसऱ्या रविवारी त्या पेटीतला एक फाटक्या कानाचा मिनिटभरात उठलाच नाही. चार मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होतो, नंतर नंतर घड्याळ बघायचं सुटलं. उठला शेवटी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रॉपर पुढे केला तर शहाणा पहिला धावत आला, पाणी प्यायला! तोंड उघडून! तुम्हाला सांगतो, मी हळवा माणूस नाही, दोनशे बेडूक फाडलेत मी... पण मला वाईट वाटलं हो. एक थेंब दिला मुळीचा. एकच!

आणि एकाला दिल्यावर उरलेल्या अकरांना तोंड कसं दाखवायचं?

पण म्हटलं, मुळी पुरणार कुठून, बारांचीच तर उगाळायला सांगितलीय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटीत नीट बघतो तर काठोकाठ.

"आजी, ही किती जणांची?"

"चोवीस." सहाण धूत म्हणाली, "रोज चोवीसाचीच उगाळते. म्हणलं, आज ना उद्या मागशील."