मागे घरी कोण?

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या सासूबाई आत तपासणीला गेल्या होत्या. नणंद कुठल्याशा कंपनीचं प्रवास आखायचं ॲप नव्याने बनवत होती, आणि मोबाइल तिने भावजयीपुढे धरला होता.

"लोकांना काय हवंय ते बघून सगळं बदलतोय, वहिनी. तुम्ही वापरून दाखवा. कुठे जायचंय?"

"ह्यांना डोंगर आवडतात."

"दादाचं नाही विचारत."

"मुलांना पाणी लागतं. आईंना जिने नकोत."

"प्रवासी एकच आहे असं समजा. तुम्ही."

"बरं. मग खिडकीजवळची जागा लिही. आठ तासांची."

"आणि उतरणार कुठे?"

"उतरायचं कशाला? उतरलं की कुणीतरी विचारणार, माझे मोजे कुठे ठेवलेस."

"ठिकाण टाकल्याशिवाय हे पुढे जात नाही, वहिनी."

"जाईल कसं? पहिला प्रश्नच चुकलाय तुमचा."

"मग आधी काय विचारायचं?"

"तुमच्या मागे घरी कोण?"

"हे आजवर कुणीच सांगितलं नाही आम्हाला."

"ज्यांना विचारलंत ते फिरून आलेले असतील."

तेवढ्यात नर्स दारात आली. "आजींबरोबर कोण आहे?"

भावजय पिशवी उचलून उठली.

"बसा वहिनी, मी जाते."

"गोळ्यांची नावं माहितीयत?"

"नाही."

"थेंब कुठल्या डोळ्यात घालतात?"

"तेही नाही."

"मग ही वही घेऊन जा. आणि सावकाश ये, आठ तास लागले तरी चालतील."