काली मशीद, मोतीतळं आणि एक झिरा

मच्छिंद्र : ...अन् ही काली मशीद. काळ्या दगडाची, म्हून काली. टांगा उभा करतो, उतरा, हात लावून पाहा मामा, बिलकुल थंडगार!

कडूबा : अबब! एवढाले दगड वर नेले कसे रे?

सगुणाबाई : दगड राहू द्या. हितं पाणी कुठून येतं?

मच्छिंद्र : वा मावशी! समोर मुसाफिरांच्या सराईमधी हौद हाय ना, मोतीतळ्यावरून जमिनीखालच्या नळानं भरायचा.

सगुणाबाई : भरायचा? अन् आता?

मच्छिंद्र : नळ बुजले. हैद्राबादहून इंजनेर आल्ते, म्हणे नवे टाकू.

सगुणाबाई : मंग बाया कुठून भरतात?

मच्छिंद्र : वेशीपाशी हेच इचारलं, तळ्यावर हेच. हसनाबादहून जालना शहर पाहायला आले का पाणी पाहायला?

कडूबा : आता लपवून काय! धाकली पोरगी ह्या मोहल्ल्यात द्यायची हाय बाबा. पोरगा रामकिसन, कापसाच्या जिनिंगमधी कामाला.

सगुणाबाई : थोरलीचं घर पाह्यलं, शेत पाह्यलं. पाणी किती लांब, ते इचारलंच न्हाई. घागरी वाहून कंबर गेली पोरीची. लई जीव जळतो माझा.

मच्छिंद्र : खोटं कशाला बोलू मावशी? उन्हाळ्यात कुंडलिका नदीच्या वाळूत झिरे खोदतात. वाटीवाटीनं घागर भरायची. लांब हाय.

सगुणाबाई : मंग न्हाई द्यायची.

कडूबा : अगं, माणसं चांगली हायेत...

मच्छिंद्र : थांबा, थांबा. रामकिसन म्हंजी गजाननचा भाऊ? ज्याच्या आईचे गुडघे गेलेत तो?

कडूबा : तोच.

मच्छिंद्र : हात्तिच्या! त्याला तर सारा मोहल्ला हसतो. बायांच्या रांगेत बसून घागरी भरतो!

सगुणाबाई : आईसाठी भरत असंल. सून आली की घागर तिच्या डोक्यावर.

मच्छिंद्र : गजाननची बायको येऊन तीन वर्सं झाली. दोघं भाऊ अजून खांद्यावर आणतात. वक्त बराबर हाय, आता झिऱ्यावरच असंल तो, बसा टांग्यात. डोळ्यानं पाहा.

(टांगा नदीकाठी थांबतो. झिऱ्यापाशी बायांच्या रांगेत एकच पोरगा बसला आहे. सगुणाबाई एकटी वाळूत उतरून जाते, थोड्या वेळानं परत येते.)

कडूबा : काय म्हणला रामकिसन?

सगुणाबाई : मी कोण ते सांगितलंच न्हाई, नुसतं प्यायला पाणी मागितलं. पहिली वाटी गढूळ आली, ती ओतून दिली. थांबला. पाणी निवळलं, मंग मला दिलं.

कडूबा : बरं, चल बस. मस्तगड पाहायचा राह्यला ना!

सगुणाबाई : तुम्ही या पाहून. माझं जालना पाहून झालं.