नुसता ससा

कुरिअरच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीनं मोबाइल केव्हाच खिशात टाकला होता. पुढचे आजी-आजोबा आणि खिडकीतल्या ताई यांचं बोलणं त्याहून भारी चाललं होतं.

"आजी, हे खोकं परत कसं आलं?"

"तिकडच्या कस्टमनं धाडलं. आत काय आहे ते लिहायचं, तिथे ह्यांनी नुसतं 'ससा' लिहिलं!"

"ससाच आहे! मग काय हत्ती लिहू?"

"आजोबा, त्यांना वाटलं असेल, जिवंत आहे. 'कापडी खेळणं' लिहा. वापरलेलं का?"

"वापरलेलं? अहो, नातीनं एक कान चघळून चघळून पार चिंधी केली होती. जाताना ससा इथेच विसरली, आणि आता तिकडे त्याच्याशिवाय तिचा डोळ्याला डोळा लागत नाही. मी नवा कान शिवलाय."

"नव्या कानाचा ससा ती जवळ घेईल का गं?"

"आत्ता बोलताय! मी शिवत होते तेव्हा काय मिठाची गुळणी धरली होती?"

आजोबांनी खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून एक मळकी चिंधी.

"अगं बाई! हा तर मी टाकून दिलेला कान!"

"धुतला नाहीये. वास तसाच आहे. हाही जाऊ दे त्याच्यासोबत."

"जाऊ दे की, आजोबा. तेवढं फॉर्मवर लिहा म्हणजे झालं."

आजोबांनी चष्मा सावरला आणि मोठ्यानं म्हणत लिहायला घेतलं, "एक... जुना... कान..."

"कापडी!" रांगेतली ती मुलगी सगळ्यांच्या आधी ओरडली. "आजोबा, आधी 'कापडी' लिहा!"